झुरिच उपासाला चालतं

शहापुरात आमचे घरमालक जेवायला बसले की सगळ्या आळीला कळायचं. एक तर आमच्या दोन घरांमधली भिंत कुडाची, आणि दुसरं म्हणजे मालकांना मुकाट्यानं जेवता येत नसे. पहिला घास तोंडात गेला की क्षणभर शांतता. मग खणखणीत आवाज सुरू व्हायचा. "आमटी. आधी आंबट लागते. चिंच जुनी आहे, उत्तम आहे. मग गूळ येतो, पण दार वाजवून येतो, घुसत नाही. मिरची शेवटी. ती घशाशी येऊन थांबते." मी तेव्हा नवी नवरी, अलीकडे चुलीपाशी बसलेली. पहिल्या दिवशी मला वाटलं, पलीकडे कुणी आंधळा पाहुणा आलाय आणि त्याला ताटात काय वाढलंय ते समजावून सांगताहेत.

लढाईच्या आधीची ती वर्षं. आमचे हे जंगल खात्याच्या कचेरीत कारकून, शहापूरला बदली झालेली, आणि मालकांच्या घराच्या दोन खोल्या आम्हांला भाड्यानं मिळालेल्या. मालकांना मी काका म्हणायची, त्यांच्या बायकोला काकू. मूलबाळ नव्हतं. शेणव्याला भाताची जमीन होती, ती कुळं करत. बाकी गाव त्यांना विलायती काका म्हणायचं, आणि त्यात मान किती आणि चेष्टा किती हे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवावं लागे.

काका खरोखरच विलायतेला जाऊन आले होते. तेही शिकायला नाही, व्यापाराला नाही, तर जेवायला. मुंबईच्या एका कापडवाल्या शेठजींकडे ते इंग्रजी पत्रव्यवहार पाहायचे. शेठ खाण्याचे भलते शौकीन, पण पोट साफ बिघडलेलं. डॉक्टरांनी मुगाचं पाणी आणि मऊ भात यांवर ठेवलं होतं. शेवटी हवापालट म्हणून शेठ युरोपात निघाले. बोटीनं मार्सेल्स, तिथून आगगाडीनं पॅरिस, झुरिच, व्हिएन्ना. बरोबर मऊ भात शिजवायला महाराज आणि बोलायला काका. हॉटेलात बसलं की शेठ तिथला नावाजलेला पदार्थ मागवायचे, बशी काकांपुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "तू खा. मला सांग."

काकांनी पहिल्यांदा सांगितलं, "चांगलं आहे." त्यावर शेठ भर हॉटेलात ओरडले. चांगलं आहे म्हणजे काय? कुरकुरीत आहे का, गोड आधी लागतं का मागून, दातांना लागतं की जिभेवर विरतं? परक्या देशात आपल्या पोशिंद्याला नाराज कोण करणार? काका शिकले. व्हिएन्नाला पोचेपर्यंत असे तयार झाले की ते सांगत आणि शेठ मऊ भाताचा घास डोळे मिटून गिळत. शेठ कट्टर वैष्णव. तिथल्या एका गोड पदार्थात अंडं होतं हे काकांना दुसऱ्या दिवशी कळलं, पण शेठना त्यांनी ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही. "त्यांनी कुठे खाल्लं होतं?" असं वर विचारायचे.

परत आल्यावर शहापूरच्या भटजींनी समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त दिलं. पंचगव्य तोंडात गेलं आणि जीभ सवयीप्रमाणे चालू झाली. काका त्याचीही चव सांगू लागले तेव्हा भटजी दक्षिणा न घेता उठले म्हणे. हे मी ऐकलेलं. पण काकांना पाहिलेल्या माणसाला ते खोटं वाटायचं नाही.

लोकांना वाटायचं, हा माणूस विलायतेच्या खाण्यानं पाघळलाय. तसं नव्हतं. त्यांच्या डोक्यात बसलं होतं ते दुसरंच. व्हिएन्नाच्या एका चहाच्या दुकानात त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक म्हातारा-म्हातारी बसली होती. एकच बशी, दोन काटे. दोघं बोलत नव्हती, एकमेकांकडे पाहतही नव्हती. म्हातारा एक तुकडा तोडायचा, मग म्हातारी. शेवटचा तुकडा उरला तेव्हा म्हातारीनं तो काट्यानं म्हाताऱ्याच्या बाजूला ढकलला, त्यानं परत तिच्याकडे ढकलला. शेठ इकडे विचारताहेत, "अरे बोल ना, कसं आहे?" आणि काकांचं लक्ष त्या बशीकडे. ही एक गोष्ट ते सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज भिंतीपलीकडे येत नसे, ते आमच्या ओटीवर येऊन सांगायचे.

विलायतेहून घरी आले त्याच दिवशी त्यांनी जेवायला दोन पाट मांडले. काकू ताट घेऊन आल्या, दुसरा पाट पाहिला आणि विचारलं, "कोण येणार आहे?"

"तू."

काकूंना वाटलं, बोटीचा वारा डोक्यात गेलाय. पाट उचलून त्यांनी भिंतीला टेकवला आणि नेहमीप्रमाणे दाराआड उभ्या राहून वाढू लागल्या. नवरा जेवून उठल्यावर त्याच ताटात आपलं वाढून घ्यायचं आणि चुलीकडे तोंड करून खायचं, हीच त्यांची रीत. तेव्हा तीच आम्हां सगळ्यांची होती. मीही तशीच जेवायची. फरक एवढाच की आमच्या ह्यांनी कधी दुसरा पाट मांडला नाही, त्यामुळे तो उचलायची वेळ माझ्यावर आली नाही.

काका रोज मांडायचे. काकू रोज उचलायच्या. भांडण नाही, आवाज नाही. आठवड्याचे वार सात, त्यातले चार काकूंच्या उपासाचे. उरलेल्या दिवशी म्हणायच्या, "तुमचं होऊ द्या, मी मग बसते," किंवा "आत्ता भूक नाही." काका मग त्या मोकळ्या पाटाकडे बघत आमटीची चव सांगायचे. इतक्या मोठ्यानं कुणासाठी सांगायचे ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं. त्या दाराआड उभ्या असायच्या ना, त्यांच्यासाठी. "एकट्यानं खाल्लेलं पोटात जातं, दोघांनी खाल्लेलं लक्षात राहतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते फार आवडायचं, आणि काकूंचा रागही यायचा. बाई, बसा की एकदा! असा सोन्यासारखा नवरा कुणाच्या नशिबात असतो?

आणि मग एका हिवाळ्यात, भात झोडून कोठीत पडल्यावर, काकांनी सहलीचा बेत काढला.

बेत असा, की काकूंना युरोप दाखवायचा. आसनगावाहून पॅसेंजर धरायची आणि इगतपुरीपर्यंत जायचं. आसनगाव म्हणजे मार्सेल्स, आटगाव पॅरिस, खर्डी झुरिच. कसाऱ्यानंतरचा घाट म्हणजे आल्प्स. तिथं काही खायचं नाही, नुसतं बघायचं. आणि इगतपुरी व्हिएन्ना. प्रत्येक शहरात तिथलं खाणं. ऐकून मी हसले, पण काका हसले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, गाडीत स्वयंपाकघर नाही. दार नाही आड उभं राहायला. वाढायला उठायचं नाही. समोरासमोर बाक असतात. बसावंच लागेल तिला." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा खुळेपणा नाही, या माणसानं विचार केलेला आहे.

काकूंनीही नाही म्हटलं नाही. उलट दोन दिवस राबल्या. काका वर्णन करायचे आणि त्या त्याचं घरात बसेल असं काहीतरी करायच्या. मार्सेल्सला हरभऱ्याच्या पिठाची वडी तळून खातात असं काका रंगवून सांगू लागले, तर काकू म्हणाल्या, "म्हणजे पाटवडी. तळायची, एवढंच ना?" पॅरिसचं कांद्याचं सार फिरकीच्या तांब्यात भरलं. झुरिचला बटाटा किसून लोण्यावर भाजतात, तो काकूंनी तुपावर जिरं घालून परतला. व्हिएन्नाला सफरचंद घालतात. ते शहापुरात कुठलं, म्हणून पेरू शिजवून त्याच्या करंज्या केल्या. मला बरोबर घेतलं होतं, कारण काकू एकट्या निघायला तयार नव्हत्या.

आम्हांला स्टेशनवर सोडणारा टांगेवाला शेणव्याचा, काकांच्याच कुळांपैकी. त्याला सगळा बेत ठाऊक होता, काकांच्या पोटात काय राहणार? वाटेत तो म्हणाला, "काका, त्या विलायतंत भाकर भेटतं का नाय?"

"भाकर नाही, पाव मिळतो. पण असा, की नुसता खावा."

"आन् बायकामानसा संगाती जेवतात?"

"संगाती. एका टेबलावर."

"आमी पन शेतावं जेवतो की संगाती," तो म्हणाला. "एकाच फडक्यातली भाकर. त्याला कशाला विलायत पायजे?"

काका खो खो हसले आणि काकूंकडे वळून म्हणाले, "ऐकलंस?" काकू डबे सांभाळत बसल्या होत्या. त्यांनी तांब्याची फिरकी आणखी आवळली.

गाडीला गर्दी नव्हती. समोरासमोर बाक मिळाले, मधल्या जागेत डबे. काका पोरासारखे खुलले होते. आसनगाव सुटायच्या आत पाटवडी उघडली, एक माझ्या हातात, एक काकूंच्या. म्हणाले, "समुद्राचा वारा येतोय असं समजा." काकूंनी वडी डब्याच्या झाकणात ठेवली. "तुम्ही घ्या. मी मग." आटगावला कांद्याचं सार झालं. काकांनी पेला भरून पुढे केला. काकूंनी तो माझ्याकडे दिला. काकांचा उत्साह तरी उतरला नव्हता. अजून शहरं बाकी होती.

खर्डीला गाडी थांबली तशी त्यांनी किसाचा डबा उघडला आणि या वेळी डबाच काकूंच्या मांडीवर ठेवला. "आता ऐकायचा नाही मी. घे."

"आज एकादशी आहे," काकू म्हणाल्या.

काका तसेच बघत राहिले. पंचांग त्यांनी जन्मात उघडलं नव्हतं. आमच्याकडे एकादशी फक्त आषाढी-कार्तिकीची, त्यामुळे मलाही पत्ता नव्हता. "आधी का नाही सांगितलंस?" काका म्हणाले, आणि काकू म्हणाल्या, "तुमचा बेत मोडायचा का?"

आणि एकदम काकांचा चेहरा उजळला. त्यांनी डबा पुन्हा हातात घेतला, चिमटीत कीस उचलून वास घेतला, चाखला, आणि जागेवरून उठलेच. "अगं, पण हे काय आहे? बटाटा! तूप, जिरं, मीठ! हळदसुद्धा नाही यात! झुरिच उपासाला चालतं!" गाडीतली माणसं वळून बघू लागली. काका त्यांनाही सांगू लागले, "झुरिच उपासाला चालतं हो!" माणसं हसली, मी तर हसून हसून वाकले. मला वाटलं, सुटली ही गाठ. आता कुठे जातील काकू?

काकू खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "मी निर्जळी धरलीय."

गाडी सुटली. काका उभेच होते, धक्क्यानं बाकावर बसले. डब्याचं झाकण त्यांनी लावलं. दोनदा नीट बसलं नाही, तिसऱ्यांदा बसलं. कसाऱ्याला गाडीला मागून आणखी एक इंजिन लागलं, घाट सुरू झाला, बोगदे आले आणि गेले. आल्प्सचं नाव त्यांनी काढलं नाही.

इगतपुरीच्या फलाटावर ते परतीच्या गाडीची चौकशी करायला गेले. काकू मला म्हणाल्या, "चल जरा नळापर्यंत." तिथं त्यांनी ओंजळ धरली आणि घटाघटा पाणी प्यायल्या. तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं. पदर सावरून डब्यांकडे चालू लागल्या. करंज्या मी खाल्ल्या, आणि खाताना मला चवच कळेना.

आसनगावला उतरलो तेव्हा टांगेवाला वाट पाहत होता. "काय काका, झाली विलायत?"

"झाली."

"काकी जेवली का नाय?"

काका डबे उचलून टांग्यात ठेवू लागले. टांगेवाल्यानं मग घोड्यालाच काहीतरी शिवी हासडली आणि आम्ही शहापूरला आलो.

त्यानंतर दुसरा पाट मांडल्याचा आवाज मी ऐकला नाही. आणि हळूहळू पलीकडून आमटीचंही वर्णन येईनासं झालं. भांड्यांचा आवाज यायचा, तोही लवकर संपायचा. शांतता हवी म्हणून मी किती वेळा कुरकुर केली होती. ती मिळाली तेव्हा ती सोसेना. मी ह्यांना म्हटलं, दुसरी खोली बघू या. पण त्याआधी ह्यांची मुरबाडला बदली झाली.

लढाई सुरू झाली. रेशन आलं, साखर दिसेनाशी झाली, गाड्या सैनिकांनी भरून जाऊ लागल्या. सहल वगैरे शब्द लोकांच्या तोंडातून गेले. एका वर्षी मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत काका भेटले. टांगेवाल्याबरोबर बैल बघायला आले होते. धुळीत, गुरांच्या गर्दीत, एका भज्यांच्या पालापाशी उभे राहून पानातली भजी खात होते. वाळले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

मी मुद्दाम विचारलं, "काका, कशी आहेत भजी?"

मला वाटलं, आता डोळे मिटतील, तेल कसलं, बेसन कुठलं, ओवा आधी की मीठ आधी, सगळं येईल. काका म्हणाले, "बरी आहेत."

मी घोंगड्या घ्यायला आले होते. त्या न घेताच घरी परतले.

ते गेले ते पुढच्याच पावसाळ्यात, तापानं. मला पावसामुळे जाता आलं नाही. मी गेले ती दिवाळी उलटल्यावर. काकू एकट्याच होत्या. कपाळ मोकळं, पण घर पूर्वीसारखंच लख्ख. सावध, हसऱ्या. मला पाहून त्यांनी भात चढवला, आमटी केली, माझं ताट मांडलं. मी म्हटलं, "तुम्हीही बसा." म्हटलं खरं, पण त्या ऐकतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी आपलं पान वाढून घेतलं आणि माझ्यासमोर बसल्या.

थोडं जेवण झाल्यावर मी म्हटलं, "काकू, एक विचारू?"

"इगतपुरीचं पाणी ना? विचार. केव्हाची वाट बघतेय, कधी विचारतेस म्हणून."

मग त्यांनीच सांगितलं. "निर्जळी नव्हती गो. एकादशी होती ती खरी, आणि ती मला त्यांनी दिवस ठरवला तेव्हाच ठाऊक होती. सांगितलं असतं तर दुसरा दिवस धरला असता त्यांनी. म्हणून नाही सांगितलं. सुटले असं वाटलं मला. उपास तरी माझे कुठे खरे होते सगळे?"

"पण का?"

काकूंनी आमटी भातावर ओतून घेतली. "दहा वर्षांची होते लग्नात. सकाळपासून पोटात काही नाही. घास भरवायची वेळ आली तेव्हा ह्यांनी जिलबीचा तुकडा माझ्या तोंडाशी धरला. मी तो ओढूनच घेतला, आणि त्यांच्या ताटातली दुसरी जिलबी आपल्या हातानं उचलली. भूकच तेवढी होती. सगळी पंगत हसली. कुणीतरी म्हणालं, ही पोर घर खाऊन टाकणार. त्याचं मला काही वाटलं नाही, लोक हसतातच. पण हेही हसले. तोंडावर हात धरून हसले. तेव्हापासून त्यांच्यासमोर माझ्या घशाखाली घास उतरायचाच नाही. दाराआड गेले की उतरायचा."

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. त्यांची मिशी पिकली, विलायत झाली, आणि मी म्हणायचं, लग्नात तुम्ही हसलात म्हणून? लाज वाटायची. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले." त्या थांबल्या. "खर्डीला तो डबा घेऊन उभे राहिले ना, झुरिच चालतं, झुरिच चालतं करत, तेव्हा हात उचलला होता मी. पदराखाली. तेवढ्यात ती गाडीतली माणसं हसली. ती माझ्यावर नव्हती हसत, कळत होतं मला. पण हात खाली गेला."

 मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि नक्की कुणाचा ते कळत नव्हतं. काकू मात्र सांगता सांगता जेवत होत्या. शांतपणे, मान वर करून, भाताचा घास कालवून तोंडात घालत होत्या, चावत होत्या. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"बघ," त्या म्हणाल्या. "जेवतेय की नाही तुझ्यासमोर? पृथ्वी उलटी झाली का?"

मी मान हलवली.

"एवढंच तर मागत होते गो ते," असं म्हणून त्यांनी पुढचा घास घेतला.